हळदीच्या पाण्याचा गिलास

भिलाईच्या पावर हाउसपासून उतईपर्यंत आपल्या मराठी लोकांची जेवढी लग्नं झाली, त्यातली एकही नवरी कलावतीबाईनं उंबरठ्यावर मुकी उभी राहू दिली नाही. बाया दार अडवून उभ्या, 'नाव घे वं, नाव घे'चा गलका, नवरीची मान खाली. अशा वेळी कलावतीबाई मागून तिचं कोपर धरायची. कोपर दाबलं की पोरीच्या तोंडून उखाणा सुटलाच म्हणून समजा. शेषरावाच्या सुनेला तिनं शिकवलेला उखाणा तर लोक अजून म्हणतात:

भट्टीतून निघते लोखंड, लाल लाल त्याचा झरा,
प्रवीणरावाचं नाव घेते, आता रस्ता मोकळा करा.

हे सगळं आठ-आठ दिवस आधी पाठ करून घेतलेलं असायचं. ऐन वेळी सुचेल ते बोलणाऱ्या बाईवर कलावतीबाईचा भरवसा नव्हता. तिच्या स्वतःच्या लग्नात तिला ऐन वेळी काही सुचलं नव्हतं. सोळा वर्षांची पोर, दुसरीपर्यंत शिकलेली, भंडाऱ्याकडच्या खेड्यातून पहिल्यांदा भिलाईला आलेली. दारात उभी राहिली ती उभीच राहिली. बाया फिदीफिदी हसल्या अन् सासूनं नाव ठेवलं, मुकी. अकरा वर्षं ती त्या नावानं जगली. नंतर तिनं असं तोंड उघडलं की सासूच मुकी झाली, पण ती गोष्ट वेगळी.

तिची सून रीना पद्मनाभपुरातल्या एका खाजगी शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. नोकरी वर्षावर्षाची, दर वर्षी नवा कागद. कलावतीबाईला सुनेचा अभिमान होता, पण तो सुनेला कळू देण्याइतकी ती भोळी नव्हती. त्यात यंदा रीनाच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं होतं. पोरांना दोघं-दोघं बसवायचं, एक प्रश्न द्यायचा, अन् उत्तर सांगायचंच नाही. आधी ज्यानं त्यानं मनाशी विचार करायचा. मग शेजाऱ्याला सांगायचं. शेजाऱ्यानं 'तुला असं का वाटतं?' म्हणून खोदायचं. मग दोघांनी मिळून वर्गाला सांगायचं.

"म्हंजे पगार तुले अन् शिकवाचं पोट्ट्यांनी?" कलावतीबाई वांगी चिरता चिरता म्हणाली.

"पोरं बोलल्याबिगर त्यांच्या डोक्यात काय आहे ते मले कसं समजन, आई?"

"डोक्यात काय रायते त्यांच्या? क्रिकेट."

कलावतीबाईची नात खुशबू त्याच वर्गात होती. ती हसली. "आजी, पोरींच्या डोक्यात पन?"

"पोरींच्या डोक्यात मोबाइल. चूप बस, कोथिंबीर निवड."

खुशबूच्या जोडीला रीनानं नीतूला बसवलं होतं. नीतू म्हणजे शेजारच्या बेबीताईची भाची. आई वारली म्हणून मे महिन्यात मामीनं तिला गावाहून इकडं आणलं. हडकुळी, सावळी पोर, वेण्या ताठ बांधलेल्या. शाळेत पहिल्याच दिवशी कोणी काही विचारलं तर तिनं गावाकडच्या मराठीत उत्तर दिलं, अन् हिंदी बोलणारा चाळीस पोरांचा वर्ग असा हसला की त्या दिवसापासून तिनं शाळेत तोंड उघडलं नाही. हजेरीला नुसता हात वर. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. कलावतीबाई तिला कुंपणावरून पाहायची. मग ती उगीच ओरडायची, "काय वं पोट्टी, मामी जेवू घालत नाही काय तुले?"

आणि भादव्यातल्या त्या चिकचिक्या उकाड्यात एक दिवस रीना शाळेतून आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"आई, नीतू बोलली आज!"

"काय बोलली?"

रीनानं वर्गात स्टीलच्या गिलासात पाणी अन् बर्फ घालून ठेवला होता. थोड्या वेळानं गिलासाला बाहेरून घाम फुटला. प्रश्न एवढाच होता की, हे बाहेरचं पाणी आलं कुठून? वर्गात दोघं-दोघं कुजबुजत असताना रीना हळूच खुशबूच्या बाकामागं जाऊन उभी राहिली. नीतू आपल्या मराठीतच बोलत होती, पण बोलत होती.

"ती म्हने, पानी आतून पाझरलं. गावी मडकं पाझरते तसं. तं आपली खुशबू म्हने, स्टीलले कुठं छिद्र रायतात? तं नीतू म्हने, तुले दिसत नाही म्हून नाही काय?" रीनाचे डोळे भरून आले होते. "'तुले दिसत नाही म्हून नाही काय?' आई, असं बोलली ती!"

"मंग बरोबर आहे काय ते?"

"नाही. चूक आहे."

"चूक आहे तं खुशी कायची वं?" कलावतीबाईला खरंच समजेना. "माही नवरी असं चुकीचं बोलली असती तं मी तोंड लपवत फिरली असती."

रीनानं समजावून पाहिलं. ती चूक नीतूची स्वतःची होती, विचार करून केलेली, अन् तिच्यातूनच पुढचा रस्ता निघणार होता. गिलासात साध्या पाण्याऐवजी हळदीचं पाणी घालायचं. पाणी आतून पाझरत असेल तर बाहेरचा घाम पिवळा यायला पाहिजे. नीतूनं स्वतःच्या हातानं पांढऱ्या रुमालानं तो पुसायचा अन् पाहायचा. रुमाल पांढराच राहिला, तर मग हे पाणी दुसरीकडून कुठून तरी आलं. कुठून, ते तिनंच शोधायचं.

"एवढी उठाठेव? सांगून टाक नं सीधं."

"सांगितलेलं तिले कामाचं नाही, आई."

दोनच दिवसांत ही खुशी पार उतरली. कोण्या पालकानं तक्रार केली की विज्ञानाच्या तासाला वर्गात पावर हाउसचा बाजार भरतो, मॅडम काही शिकवत नाहीत, पोरांनाच गप्पा मारायला लावतात. प्रिन्सिपल मॅडमनी रीनाला केबिनमध्ये बोलावलं. शनिवारी पालक वर्गात येऊन बसतील, म्हणाल्या. अन् तुमची ती पद्धत एवढी चांगली आहे, तर ती जी लड़की बोलतच नाही, तिला सगळ्यांसमोर बोलवून दाखवा. बोलली तर ठीक. नाही बोलली, तर दिवाळीनंतर आम्ही दुसरी टीचर बघू.

रीनाचा नवरा नरेश स्टील प्लांटमधून फर्स्ट शिफ्ट करून आला होता. तो ताटावरून म्हणाला, "छोड ना यार. बोर्डावर लिहून दे, पोरं उतरवून घेतील. सारी दुनिया तशीच शिकली."

पोळीचा तुकडा मोडून रीनानं परत ताटात ठेवला. कलावतीबाईनं ते पाहिलं. सून दोन दिवस जेवत नाही, म्हणजे घराची अब्रू उंबरठ्यावर येऊन उभी आहे, अन् बाया दार अडवून हसायला तयार आहेत. एवढं तिला लगेच समजलं. समजलं नाही ते बाकीचं.

*

गुरुवारी अन् शुक्रवारी रीना शाळेतच थांबणार होती, पेपर तपासायला. दुपारी दोन्ही पोरी शाळेतून आल्या तशी कलावतीबाईनं कुंपणावरून हाक मारली.

"नीतू, इकडं ये. तिखट-मिठाचे पोहे केले."

पोहे खाऊन झाल्यावर तिनं खुशबूला विचारलं, "त्या गिलासाच्या पान्याचं बरोबर उत्तर काय?"

"आई म्हणते सांगायचं नाही."

"तुह्या आईची मी सासू आहे. सांग."

खुशबूनं पुस्तक उघडून वाचलं. कलावतीबाईनं ते दोनदा ऐकलं, तोंडात घोळवलं, अवघड शब्द काढून टाकले, जिभेवर बसायला सोपं केलं. आयुष्यभराचं काम होतं तिचं. मग तिनं नीतूला अंगणात उभं केलं, मागं उभी राहिली अन् कोपर धरलं.

"म्हन. 'हवा में पानी की भाप रहती है. ठंडे गिलास को छूती है तो पानी बन जाती है.'"

नीतूनं मान वळवून वर पाहिलं. "पन आजी, मले तं वाटते..."

"तुले काय वाटते ते इचारते कोन? जे बरोबर आहे ते म्हन."

"पन हवेत पानी असतं तं आपन ओले नसतो झालो काय?"

हा प्रश्न असा होता की रीना असती तर तिनं पोरीला मिठी मारली असती. कलावतीबाईनं कोपर जरा जोरात दाबलं. "फालतू इचार करशीन तं तिथं उभी राहून लटपटशीन. चाळीस पोरं हासतीन. हासलेलं पाह्यजे काय तुले पुन्हा?"

नीतूचं तोंड मिटलं. तिनं मान हलवली, नाही.

"मंग म्हन."

गुरुवारी तिला सात-आठ वेळा म्हणावं लागलं. शुक्रवारी कोपर दाबलं की पुरे, एका दमात बाहेर यायला लागलं, मध्ये श्वाससुद्धा नाही. कलावतीबाई खूश झाली. "वा रे माही पठ्ठी! नवरी होशीन तं दारात एक मिनिट नाही थांबनार." खुशबू पायरीवर बसून नखं खात होती. "आजी, आईले माहीत पडलं तं?"

"माहीत पडलं तं पाया पडन माह्या. नोकरी वाचून राहिली तिची. अन् शनिवारी तू हिच्या बाजूले बसशीन. तुह्या आईनं हिचं नाव घेतलं की हिचं कोपर दाबजो."

*

शनिवारी कलावतीबाई मोतिया रंगाची साडी नेसून वर्गात मागच्या रांगेत बसली. पालक वीस-पंचवीस, प्रिन्सिपल मॅडम खुर्चीवर. टेबलावर स्टीलचा गिलास, त्यात हळदीचं पिवळंजर्द पाणी अन् बर्फाचे खडे. बाजूला घडी केलेला पांढरा रुमाल. रीनानं तोच प्रश्न विचारला, हे बाहेरचं पाणी आलं कुठून? दोन मिनिटं ज्यानं त्यानं मनाशी विचार केला. मग तिनं सांगितलं, "अब अपने साथी को बताओ," अन् वर्गात गुणगुण सुरू झाली.

फक्त एका बाकावर नाही. नीतू ताठ बसली होती, समोर पाहत. खुशबू तिच्याकडं वळली, पण नीतूला शेजारणीला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कलावतीबाईला वाटलं, शाबास, शक्ती वाचवून राहिली पोट्टी.

"नीतू," रीना म्हणाली. तिनं अगदी हळू विचारलं, जसं कोणी झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करतं. "तुला काय वाटते? मराठीत सांगितलं तरी चालन."

खुशबूनं कोपर दाबलं.

नीतू उभी राहिली. "हवा में पानी की भाप रहती है ठंडे गिलास को छूती है तो पानी बन जाती है."

टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी प्रिन्सिपल मॅडमच्या. कलावतीबाईनं पदर सावरला अन् शेजारच्या बाईकडं पाहिलं, 'आमच्या गल्लीतली आहे' असं.

रीना टाळी वाजवत नव्हती. तिचा चेहरा असा झाला होता, जसं दूध उतू गेलेलं कोणी पाहावं. तरी तिनं धीर धरला. "अच्छा. पण त्या दिवशी तू मडक्याचं म्हणत होतीस नं? मग तुझं मन कशानं बदललं?"

नीतूनं खुशबूकडं पाहिलं. खुशबू घाबरली अन् तिनं, दुसरं काय करावं ते न सुचून, पुन्हा कोपर दाबलं.

"हवा में पानी की भाप रहती है ठंडे गिलास को छूती है तो पानी बन जाती है."

"हो बेटा. पण तुला ते कसं समजलं? भाप दिसते का आपल्याला?"

नीतूची मान मागं वळली. वर्गाच्या इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत तिनं पाहिलं, अन् कलावतीबाई सापडल्यावर तिथंच थांबली. रीनानंही तिच्या नजरेमागं तिथंच पाहिलं. डोळ्यांत एवढंच होतं की पुढचं सांग. पुढचं कलावतीबाईजवळ नव्हतं. उखाण्याला पुढचं नसते, बाप्पा. उखाणा झाला की रस्ता मोकळा होतो.

"हवा में पानी की..." नीतू तिसऱ्यांदा म्हणायला लागली, अन् आवाज बारीक होत होत 'भाप'वर बुडाला. मागच्या बाकावरून एक पोरगा फिसकन हसला. मग दोघं. मग ते हसणं पसरलं, जूनमधलंच हसणं, ओळखीचं. नीतू खाली बसली अन् तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घालून घेतले.

गिलास टेबलावर घामेजत उभा होता. त्याच्याकडं कोणी पाहिलं नाही. रुमालाची घडी मोडली नाही.

प्रिन्सिपल मॅडम मात्र खूश होत्या. त्यांनी पालकांसमोरच सांगितलं, "यही चाहिए था, रीना मैडम. अगली बार हर जोड़ी को सवाल और जवाब पहले से लिखकर दे दीजिए. और अच्छा होगा." दिवाळीचं काही निघालंच नाही. नोकरी पक्की.

*

घरी आल्यावर कलावतीबाई पलंगावर बसून वाट पाहत होती, सून आता पाया पडेल, मग पडेल. रीनानं चहा ठेवला, शाळेतून परत आणलेला हळदीचा गिलास घेतला अन् तो मोरीत राखेनं घासायला बसली. घासून झालेला गिलास ती पुन्हा घासत होती.

"काऊन? तोंडात मूग भरले काय?" शेवटी कलावतीबाईच बोलली. "वाचली का नाही नोकरी?"

"वाचली."

"मंग?"

रीनानं हात धुतले नाहीत, तसेच राखेचे हात घेऊन ती दारात आली. "तीन महिन्यानं ती पोरगी स्वतःचं बोलली होती, आई. चूक बोलली, पन स्वतःचं. तुमी तिले माझ्याच वर्गात मुकं केलं."

"मुकं? टाळ्या पडल्या तिले!"

"तुमच्या बोलण्याले पडल्या. ती कुठं बोलली?"

एवढं बोलून ती आत गेली. कलावतीबाईकडं जबाब तयार होता. तिच्याकडं जबाब नेहमीच तयार असायचा. म्हणायचं होतं, मुकं म्हंजे काय ते मले नको शिकवू, अकरा वर्षं मी ते नाव अंगावर घेऊन फिरली. तोंडापर्यंत आलं अन् तिथंच अडकलं, कारण त्याच्या मागोमाग मांड्यांखाली हात घातलेली नीतू आली.

बुधवारी खुशबूनं जे सांगितलं त्यानं तर तिची झोपच गेली. दोघी अजून जोडीनंच बसायच्या. रीनानं लोहचुंबकाचा प्रश्न दिला होता. पोरं कुजबुजायला लागली, तर नीतूनं वहीत डोकं घालून खुशबूला विचारलं, "काय म्हनाचं आहे?"

"मी म्हटलं, तुले काय वाटते? तं ती म्हने, ते नाही. काय म्हनाचं आहे?" खुशबू पुन्हा नखं खायला लागली. "आजी, ती रोज तेच इचारते."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी कलावतीबाईनं स्टीलचा गिलास घेतला, चिमूटभर हळद टाकली, फ्रीजमधला बर्फ टाकला, अन् गिलास अंगणातल्या ओट्यावर ठेवला. मग कुंपणावरून हाक मारली. आवाज नेहमीसारखा निघाला नाही. नीतू आली, पण ओट्याच्या पार कडेला टेकली, उठून पळता येईल अशी.

दोघी गिलासाकडं पाहत बसल्या. उकाडा होताच. बघता बघता स्टील धुरकट झालं, मग त्यावर बारीक थेंब आले, मग दोन थेंब एकत्र होऊन एक ओघळ खाली आला.

पुढचं वाक्य कलावतीबाईनं बासष्ट वर्षांत कोणाला म्हटलं नव्हतं. सासूला नाही, नवऱ्याला नाही, बँकेतल्या साहेबाला अंगठ्याऐवजी सही करतानासुद्धा नाही.

"पोरी, मले नाही समजलं हे."

नीतूनं तिच्याकडं पाहिलं अन् घाईनं म्हणाली, "हवा में पानी की भाप रहती है ठंडे गिलास को..."

"ते नको. ते माहं होतं. अन् खरं सांगू, मलेही ते समजलं नव्हतं, नुसतं पाठ होतं. तू ते मडक्याचं सांग."

बेबीताईच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली. कलावतीबाईनं आपल्या पांढऱ्या पातळाचा पदर पुढं ओढला, त्याचं टोक गिलासावरून फिरवलं अन् उन्हात धरून पाहिलं. पदर ओला होता. पिवळा नव्हता. तिनं परत पुसलं, दुसऱ्या बाजूनं. परत ओला, परत पांढराच. गिलासाच्या आत हळद तर डोळ्यासमोर होती. रीना वर्गात हेच दाखवणार होती, या पोरीच्या हातानं, अन् त्या दिवशी रुमालाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"पाह्य वं," ती म्हणाली, अन् या वेळी तिच्या आवाजात ढोंग नव्हतं. "आत पिवळं, बाहेर पांढरं. असं काऊन?"

नीतू बराच वेळ पदराकडं पाहत राहिली. तिचे ओठ हलले. कलावतीबाई पुढं झुकली.

"काय म्हनाचं आहे, आजी?"

कलावतीबाईचा हात सवयीनं पोरीच्या कोपराकडं गेला. मध्येच तिला ते दिसलं. तिनं हात मागं घेतला अन् आपल्याच मांडीखाली दाबून धरला. तिच्याजवळ हजार उखाणे होते, लोखंडाचे, रेल्वेचे, आलू-वांग्याचे. त्यातलं एक अक्षर तिनं बाहेर येऊ दिलं नाही. ती बसून राहिली. बर्फाचे खडे लहान झाले, एकमेकांवर आपटले, विरघळले.

"नीतू, ये वं, जेवाले!" बेबीताईची हाक आली.

नीतू उठली. दोन पावलं गेली, थांबली, परत आली. वाकून तिनं कलावतीबाईच्या पदराचं ओलं टोक दोन बोटांत धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, उन्हाकडं नेऊन नीट पाहिलं. पिवळं कुठं सापडतं का ते ती शोधत होती.

मग तिनं टोक सोडलं अन् कुंपणाकडं निघून गेली.